हर्क्युलिस मुकादम

हर्क्युलिसला दोन फळ्या कमी पडल्या आहेत. सिंहाचं कातडं पांघरलेला ग्रीक पुराणातला हा महाबली मोडक्या पुलाच्या अलीकडे उभा आहे. पलीकडे त्याच्या बायकोला, मेगाराला, पाताळाचा स्वामी हेडीस पळवून नेतोय. आणि आपला वीर ताटकळलाय तो वखारीवरचा बिगारी फळ्या घेऊन येईपर्यंत. बिगारी निघत नाही, कारण त्याच्या पोटात काही नाही. पोटात काही नाही, कारण मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दरड कोसळलीय. दरड काढायची तर बिगारी लागणार. वरच्या कोपऱ्यात घड्याळ पळतंय, आणि खुर्चीत बसलेला एक सज्ञान, पदवीधर, एरवी शांत स्वभावाचा मनुष्य पडद्याकडे बघून ओरडतोय, ‘‘अरे, हल की लवकर!’’

हे विडंबन नव्हे. फिनलंडच्या जेटडॉग्ज स्टुडिओजनं आणलेल्या ‘ट्वेल्व्ह लेबर्स ऑफ हर्क्युलिस’ या व्हिडिओ गेमचं हे सरळ वर्णन आहे. असे गेम ‘टाइम मॅनेजमेंट’ या नावाखाली मिळतात. लपलेल्या वस्तू शोधा, एका रंगाचे तीन खडे जुळवा, या गेमच्या शेजारीच ते मांडलेले असतात, आणि त्या सगळ्यांवर मिळून पाटी असते ‘कॅज्युअल’. म्हणजे निवांत, सहज, चहा पिता पिता खेळायचे. यांतला निवांतपणा नेमका कुणाच्या वाट्याला येतो, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नसतं.

नकाशा असतो, त्यावर एक झोपडी, झोपडीत एक-दोन मजूर. लाकूड, धान्य, सोनं गोळा करायचं, वाट मोकळी करायची, पूल बांधायचे, झोपडी मोठी करून तिसरा गडी मिळवायचा. ठरलेल्या वेळेत काम झालं तर तीन स्टार, थोडा उशीर झाला तर दोन, फार रेंगाळलात तर एक. एका लेव्हलला तीन-चार मिनिटं लागतात. मग पुढची लेव्हल, पुढचा नकाशा, पुन्हा एक झोपडी आणि पुन्हा सगळे रस्ते उखडलेले. मागच्या लेव्हलमध्ये उभारलेलं सगळं वैभव मागेच राहतं. बदलीची नोकरी केलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

गोष्ट मात्र कायम अद्भुतरम्य. राजकन्या पळवली गेलेली असते, शाप पडलेला असतो, ड्रॅगन मोकाट सुटलेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत ही आणीबाणी रंगीत चित्रांतून सांगितली जाते, आणि ती ऐकल्याबरोबर नायक काय करतो? खडी मागवतो. सेंट पीटर्सबर्गच्या नेव्होसॉफ्टनं २००९ मध्ये काढलेल्या ‘माय किंग्डम फॉर द प्रिन्सेस’ या गेममध्ये आर्थर नावाचा सरदार राजकन्येला सुखरूप घरी पोचवायला निघतो. नावात शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या त्या प्रसिद्ध घोड्याची आठवण आहे, पण प्रत्यक्षात घोड्यापेक्षा फावड्याचा उपयोग जास्त. कालिनिनग्राडच्या रिअलोर स्टुडिओनं आडपडदाच ठेवला नाही. त्यांनी आपल्या गेमचं नाव ‘रोड्स ऑफ रोम’ ठेवलं. नायक प्रेमात पडलेला असतो, पण प्रेमाआधी सार्वजनिक बांधकाम.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातला ड्रॅगन चटकन पटेल. टेंडर नाही, भूमिपूजन नाही, तरी तीन मिनिटांत पूल पूर्ण होतो आणि लेव्हल संपेपर्यंत टिकतो, हे पटायला मात्र कल्पनाशक्तीला बराच ताण द्यावा लागेल.

मूळ हर्क्युलिसची कथा या गेमवाल्यांनी धुऊन-पुसून घेतली आहे, आणि ते बरंच झालं. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रीक ग्रंथात हेरा देवीच्या कोपानं वेडा झालेला हर्क्युलिस मेगारापासून झालेली स्वतःची मुलं आगीत टाकतो आणि प्रायश्चित्तासाठी युरिस्थियस राजाच्या चाकरीत जातो. गेममध्ये मेगारा मजेत आहे. तिसऱ्या भागात तर नवराच पळवला जातो आणि ती त्याला सोडवायला निघते. पण मूळ कथा नीट वाचली की वाटतं, टाइम मॅनेजमेंट गेमचा खरा जनक हा युरिस्थियसच. त्यानं कामं दिली दहा. त्यातलं एक, ऑजियसचे गोठे एका दिवसात साफ करणं. वेळेची अट घातलेली ही लेव्हल हर्क्युलिसनं आल्फियस आणि पेनियस या दोन नद्यांचे प्रवाह गोठ्यांतून वळवून पार पाडली. कुठल्याही खेळाडूला अभिमान वाटावा अशी युक्ती! पण राजानं ते काम मोजलं नाही. कारण काय, तर हर्क्युलिसनं ऑजियसकडे मोबदला म्हणून दहावा हिस्सा गुरं मागितली होती. हायड्रा नावाचा बहुमुखी सर्प मारला, तोही मोजला नाही, कारण पुतण्या आयोलाउसनं मदत केली. अशी दोन कामं बाद झाली, दोन वाढवून दिली, आणि दहाची बारा झाली.

शिवाय राजा स्वतः हर्क्युलिसला इतका घाबरायचा, की त्यानं जमिनीखाली लपायला ब्राँझचा रांजण करून घेतला होता. हुकूम तो निरोप्यामार्फत पाठवायचा. ज्यांचे साहेब समोर कधीच येत नाहीत आणि ज्यांना शुक्रवारी संध्याकाळी फक्त ई-मेल येते, त्यांना हर्क्युलिसबद्दल आपुलकी वाटेल.

वेळेचा हिशेबही बघण्यासारखा आहे. पहिली दहा कामं व्हायला आठ वर्षं एक महिना लागला, असं तो ग्रंथ सांगतो. सोनेरी शिंगांची हरिणी पकडण्यात एक अख्खं वर्ष गेलं. गेमच्या नियमानं बघितलं तर या माणसाला एका स्टारपलीकडे काही मिळालं नसतं. गेममधला हर्क्युलिस मात्र कामसू आहे. बारा कामांवर काढलेली ही मालिका बारा भागांवरही थांबली नाही. नवव्या भागात स्वारी चंद्रावर पोचली आणि तेरावा, चौदावा भागही येऊन गेला. युरिस्थियस असता तर खूश झाला असता.

या प्रकाराची सुरुवात पुराणात शोधायची नसेल, तर दारूच्या गुत्त्यात शोधता येते. १९८३ मध्ये बॅली मिडवेनं ‘टॅपर’ नावाचा आर्केड गेम काढला. चार लांबलचक काउंटर, दारातून येत राहणारी तहानलेली गिऱ्हाइकं, आणि त्यांच्याकडे बीअरचे मग सरकवणारा एक मिशाळ नोकर. गिऱ्हाईक काउंटरच्या टोकाला पोचलं की एक डाव गेला. पडद्यावर बडवायझरची जाहिरात होती. लहान मुलं खेळणाऱ्या ठिकाणी बीअरची जाहिरात बरी दिसेना, म्हणून ‘रूट बीअर टॅपर’ ही सोवळ्यातली आवृत्ती निघाली. पेय बदललं, धावपळ तीच राहिली.

मग २००४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गेमलॅबनं तयार केलेला आणि प्लेफर्स्टनं प्रकाशित केलेला ‘डायनर डॅश’ आला, आणि कॉम्प्युटरवर वेळ काढणाऱ्या, स्वतःला कधीही ‘गेमर’ न म्हणवणाऱ्या असंख्य लोकांची, विशेषतः बायकांची, दुपार त्यानं खाऊन टाकली. नायिका फ्लो शेअर दलालीच्या नोकरीला कंटाळते, कामाच्या रेट्यातून पळ काढते आणि स्वतःचं छोटं हॉटेल सुरू करते. म्हणजे एकीकडून सुटून दुप्पट कामात जाऊन पडते. गिऱ्हाइकांना बसवा, ऑर्डर घ्या, ती स्वयंपाक्याला द्या, थाळ्या न्या, बिल घ्या, टेबल पुसा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बदामांची रांग. उशीर झाला की एकेक बदाम गळतो आणि शेवटचा गळला की गिऱ्हाईक उठून चालू लागतं. फ्लोच्या हातात एका वेळी दोनच गोष्टी मावतात.

गंमत दडली आहे ती साखळीत. एकच काम लागोपाठ केलं, म्हणजे तीन टेबलांच्या ऑर्डरी एकदम घेतल्या, चार टेबलं एकदम पुसली, तर गुण वाढत जातात. त्यामुळे मुरलेला खेळाडू जेवण झालेल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम बिलासाठी ताटकळत ठेवतो, पलीकडच्या दोघांचं उरकेपर्यंत. बदाम गळत असतात, तो हिशेब करत असतो. सरकारी खिडकीपलीकडून आपल्याकडे निर्विकार बघणारी व्यक्ती बहुधा अशीच साखळी जमवत असावी, हा विचार पहिल्यांदा मनात येतो तो इथे.

मुंबईतल्या ज्या उडपी हॉटेलांत दुपारी एक वाजता गर्दी उसळलेली असते, तिथला वेटर हे सगळं बदामांशिवाय करतो. एका हातावर चार बशा, डोक्यात सहा टेबलांच्या ऑर्डरी, आणि ‘दोन साधा, एक कट’ ही आरोळी आत पोचायच्या आधी पुढच्या टेबलावर पाण्याचे ग्लास. तेव्हा ‘स्टार शेफ’ हा स्वयंपाकघर चालवण्याचा मोबाइल गेम २०१४ मध्ये निघाला तो खुद्द उडुपीमधून, तिथल्या नाइन्टीनाइन गेम्स या कंपनीकडून, यात नवल नाही. ज्या गावाचं नाव आधी शेकडो हॉटेलांच्या पाट्यांवर गेलं, ते पुढे फोनमध्येही गेलं. तो गेम जगभर खेळला गेला. सांबार वाटीत की इडलीवर, हा प्रश्न मात्र त्यात सोडवलेला नाही.

आता एक जुना गृहस्थ आठवतो. फ्रेडरिक विन्स्लो टेलर. हातात स्टॉपवॉच घेऊन अमेरिकेतल्या कारखान्यांत मजुरांच्या मागे उभा राहणारा इंजिनीअर. १८९९ मध्ये बेथलेहेम स्टीलच्या आवारात लोखंडाच्या लाद्या वाहणारे मजूर दिवसाला साडेबारा टन माल चढवत. टेलरचं म्हणणं, चांगला माणूस साडेसत्तेचाळीस टन चढवू शकतो. १९११ च्या आपल्या पुस्तकात त्यानं ‘श्मिट’ या टोपणनावाच्या मजुराची हकिकत मोठ्या अभिमानानं सांगितली आहे. उचल म्हटलं की उचलायचं, बस म्हटलं की बसायचं. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटवर गेली. काम जवळपास चौपट, पगार दीडपटीच्या आसपास. टेलरच्या या पद्धतीविरुद्ध पुढे संप झाले, अमेरिकी संसदेची चौकशी बसली, सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला मनाई झाली.

आणि शंभर वर्षांनी लोक स्वतःचे पैसे मोजून, स्वतःच्या घरी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी टेलर होऊ लागले. इतकंच, की गेममधला बिगारी टेलरलाही लाजवेल असा आहे. टेलर निदान श्मिटला मधूनमधून बसवायचा. विसावा घेतला तरच माणूस दिवसभर टिकतो, हे त्याला ठाऊक होतं. गेममधल्या बिगाऱ्याला एक सफरचंद दिलं की तो डोंगर फोडून येतो आणि आल्या आल्या पुढच्या कामाला निघतो. तो उचल मागत नाही, त्याच्या गावी जत्रा नसते, त्याच्या मामेबहिणीचं लग्न नसतं. आयुष्यात दहा मिनिटंही मुकादमी केलेल्या कोणालाही विचारा, यापेक्षा मोठी परीकथा त्यानं ऐकलेली नसेल.

म्हणूनच या गेममधल्या जादूकडे जरा नीट बघावं. जादूगार असतात, देवता असतात, मंतरलेले दगड असतात. इतकी सिद्धी हाताशी असताना खेळाडूला वर कोणता मिळतो? मजूर काही सेकंद भरभर पळतील. लाकूड दुप्पट पडेल. घड्याळ थोडा वेळ थांबेल. एक जादाचा गडी येईल. बस्स. अमरत्व नाही, अदृश्य होणं नाही, सोन्याचा डोंगर नाही. अवघ्या देवलोकाला साकडं घालून माणूस मागतो काय, तर हाताखालच्या माणसानं जरा पाय उचलावेत. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला देव प्रसन्न झाला, तर सकाळी आठ वाजता तीही बहुधा याहून निराळं काही मागणार नाही.

नोव्होसिबिर्स्कच्या अलावारनं आणलेल्या ‘फार्म फ्रेन्झी’त तर निसर्गही मुकादमाच्या पुढे नमतो. कोंबड्या, अंडी, अंड्यांची भुकटी, भुकटीचे केक असा सगळा उद्योग जोरात चालू असताना शेतात अस्वल शिरतं. घाबरायचं नाही. त्याच्यावर पटापट क्लिक करायचं, भोवती पिंजरा उभा राहतो. मग ते अस्वल अंड्यांबरोबर ट्रकमध्ये घालून बाजारात विकायचं. भाव बरा मिळतो. वन खातं या खेळात नाही.

हे गेम विकण्याची तऱ्हाही विषयाला धरून आहे. सिएटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीनं असे शेकडो गेम विकले. पहिला एक तास फुकट. घड्याळावर मात करायचा खेळ, आणि त्याच्या डोक्यावर दुकानदाराचं आणखी एक घड्याळ. साठावं मिनिट भरलं की पूल अर्धा असो की राजकन्या रडत असो, पडदा बंद. मुरलेले खेळाडू मग त्या एका तासात जास्तीत जास्त लेव्हल कशा उरकायच्या याचंही नियोजन करतात. शिवाय ‘कलेक्टर्स एडिशन’ नावाची महागडी आवृत्ती असते. तिच्यात जास्तीच्या लेव्हल मिळतात. जादा काम करायला जादा पैसे मोजायची ही सोय इतर कुठल्या धंद्यात असल्याचं ऐकिवात नाही.

ही कंपनी २०१४ मध्ये विकत घेतली ती केंटकी डर्बी भरवणाऱ्या चर्चिल डाउन्सनं, बोनस वगैरे धरून ८८.५ कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला. डर्बीची शर्यत साधारण दोन मिनिटांत संपते, तेव्हा घड्याळाशी त्यांचं जुनं नातं. पुढे त्यांनी ती ऑस्ट्रेलियातल्या ॲरिस्टोक्रॅट या जुगाराची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला ९९ कोटी डॉलरना दिली. खरेदीदारांचा डोळा बिचाऱ्या राजकन्यांवर नव्हताच. तो बिग फिशच्या मोबाइलवरच्या कॅसिनो गेमवर होता.

फोनवर आल्यावर घड्याळाची चालही बदलली. त्याची चुणूक फेसबुकवरच्या ‘फार्मव्हिल’नं २००९ मध्येच दाखवली होती. तिथे तीन मिनिटांची लेव्हल नव्हती. स्ट्रॉबेरी लावली की खरोखरचे चार तास थांबायचं, आणि वेळेत काढली नाही तर पीक वाळायचं. भर मीटिंगमधून ‘जरा जाऊन येतो’ म्हणत उठलेली माणसं कापणीला जात होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो मूळ गेम बंद झाला, तोवर आयुष्यात कुंडीला पाणी न घातलेल्या माणसांनी एकरच्या एकर शेती केली होती. पुढच्या गेमनी यात सुधारणा केली. थांबायचा कंटाळा आला? हिरे विकत घ्या आणि वाट बघणं टाळा. आधी खेळाडूकडे वेळ कमी असायचा, आता तो जास्त आहे आणि तोच त्याला पैसे देऊन संपवायचा असतो.

घड्याळ नको असलेल्यांसाठी बहुतेक गेममध्ये ‘रिलॅक्स्ड’ नावाची सोय असते. ती निवडली की वेळेचं बंधन जातं, मजूर सावकाश हिंडतात, पाखरं गातात, कोणी रागावत नाही. एक-दोन लेव्हल बरं वाटतं. मग लक्षात येतं, की आपण कसलीही घाई नसताना, कोणी सांगितलेलं नसताना, दुसऱ्याच्या राज्यातली दरड उपसत बसलो आहोत. घड्याळ असतं तोवर हा प्रश्न विचारायला सवड होत नाही, हीच त्याची मोठी सोय.

इंग्लंडच्या घोस्ट टाउन गेम्सनं २०१६ मध्ये काढलेल्या ‘ओव्हरकुक्ड’नं एकट्याचा हा ताण चौघांत वाटून दिला. जग गिळायला निघालेल्या एका अजस्र शेवयांच्या राक्षसाची भूक भागवायची असते. ती भागत नाही, म्हणून कांद्यांचा राजा आचाऱ्यांना सरावासाठी थेट १९९३ सालात मागे पाठवतो. पुढे सरकत्या ट्रकवर, बर्फावर, दुभंगणाऱ्या जमिनीवर स्वयंपाक करायचा. एकानं चिरायचं, एकानं परतायचं, एकानं भांडी घासायची. वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदलेली जोडपी या गेममध्ये ताटं कोणी घासायची यावरून कडाकडा भांडतात, ही त्याची ख्याती. प्रत्यक्षातली ताटं तेव्हा सिंकमध्ये असतातच.

या सगळ्यांत प्रामाणिक गेम एकच म्हणावा लागेल, जपानच्या ईझीगेमस्टेशन या लहानशा गटानं २००७ मध्ये काढलेला आणि २०१० मध्ये इंग्रजीत आलेला ‘रेसेटियर’. रेसेट नावाच्या मुलीचा बाप कर्ज करून ठेवून साहसाला निघून गेलेला आहे. एके दिवशी दारात परी उभी राहते. परी वर द्यायला आलेली नाही, ती वसुलीला आली आहे. तिची नेमणूक पतपेढीकडून झालेली आहे. एकूण येणं ८ लाख २० हजार. मग घराचंच दुकान करायचं, शूरवीरांना तलवारी आणि औषधं विकायची, दिवसाचे चार भाग पाडून कधी दुकान उघडायचं, कधी बाजारात जायचं, ते ठरवायचं, आणि आठवड्याला हप्ता भरायचा. पहिला दहा हजारांचा, पाचवा पाच लाखांचा. हप्ता चुकला की घर जातं आणि मुलगी पुठ्ठ्याच्या खोक्यात राहायला जाते. मग ते स्वप्न होतं असं ठरतं आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात.

धडपडून, घासाघीस करून, वीरांना दामदुपटीनं ढाली विकून पाचवा हप्ता भरला, की कर्ज फिटतं, परी टाळ्या वाजवते आणि खेळाडूपुढे पुढच्या वाटा उघडतात. हप्त्यांची कटकट नसलेलं, कितीही दिवस चालवता येईल असं दुकान ही त्यांतली एक. दुसऱ्या वाटेत दर आठवड्याला हप्ता वाढतच जातो, कर्ज कधीच फिटत नाही, आणि आपण कितव्या आठवड्यात बुडतो एवढंच बघायचं असतं. ही दुसरी वाट आपण होऊन धरणारे खेळाडू आहेत, आणि कितवा आठवडा गाठला हे ते एकमेकांना मिरवून सांगतात.